दार न लागणारं शेवाळ

शनिवारी संध्याकाळी हँकॉक गावात कुणी कुणाकडे जात नाही. ज्याच्या त्याच्या अंगणात सौना, म्हणजे वाफेने अंघोळ करायची लाकडी खोली, तापत असते. लेम्पी ओयालाच्या घरी लाकडं नवरा रेइनो फोडायचा, पण भट्टी लेम्पीच पेटवायची. त्याने पेटवली की डोळ्यांत धूरच जास्त जातो, हे तिचं लग्नापासूनचं मत. म्हणून शनिवारी ती पुलापलीकडच्या कॉलेजातून लवकर निघायची, आणि त्या शनिवारी ती घाईच तिला नडली.

कॉलेजात लेम्पी शेवाळ सांभाळायची. आधी ती एका शाळेच्या स्वयंपाकघरात होती. मग प्रयोगशाळेत बाटल्या धुवायला आली आणि बाटल्यांतल्या हिरव्या रंगात गुंतून गेली. काचेच्या बशांमधून वाढणाऱ्या शेवाळाला रोज सकाळी विचारायची, "काय गं बायांनो, झोप झाली का?"

सगळ्यात नाजूक बशा ट्रूडीच्या. ही पोरगी पदवीसाठी संशोधन करत होती. तिचं शेवाळ कसलं, हे लेम्पी गिरजाघरातल्या मैत्रिणींना आपल्या पद्धतीने सांगायची.

"पाण्यात कार्बनचा वायू मुळात थोडा. त्यात शेवाळाच्या पोटातला जो गडी तो पकडून साखरेच्या कामाला लावतो, तो मुलखाचा धांदरट. ऑक्सिजन हाताला लागला तर तोच घेऊन बसतो! मग शेवाळ काय करतं? पाण्यात विरघळलेला कार्बन आत ओढून घेतं, गड्याला एका इवल्याशा खोलीत बसवतं आणि त्या खोलीतच त्याचा परत वायू करतं. आपली सौनाच म्हणा ना. खोली लहान, दार घट्ट, वाफ दाटणारच. दुसरं काही हाताशी येतच नाही म्हटल्यावर धांदरटसुद्धा नीट काम करतो."

"आणि ट्रूडीचं?"

"तिच्या शेवाळाच्या खोलीचं दार लागत नाही गं. आणलेला वायू सगळा बाहेर. साध्या हवेत ते उपाशी मरतं बिचारं."

म्हणून त्या बशा काचेच्या बंद पेटीत, दिव्याखाली ठेवलेल्या असत आणि पेटीत सिलिंडरमधून तोच वायू सोडलेला असे. बाहेरच इतका वायू भरला की दार लागलं काय नि न लागलं काय, शेवाळ खुशाल वाढे. ट्रूडीकडे ह्या वाणाच्या एवढ्याच बशा उरल्या होत्या. बाकीच्या पावसाळी हवेत बुरशीने खाल्ल्या.

शनिवारी लेम्पीने पेटीच्या झाकणावरचे थेंब पुसले आणि झाकण परत ठेवलं, पण एक कड वर राहिली. रविवारी गिरजाघरातून ती थेट बशा बघायला आली, तेव्हा सिलिंडर रिकामा झाला होता आणि शेवाळ कडेकडेने पिवळं पडू लागलं होतं.

तिने ट्रूडीला बोलावून घेतलं आणि ती आल्या आल्या सांगून टाकलं, "मीच केलं, पोरी. झाकण नीट बसवलं नाही."

ट्रूडीने झाकणाची वर राहिलेली कड दाबून बसवली. मग म्हणाली, "रडायचं नंतर. आधी वायू."

रात्रीपासून बर्फ कोसळत होतं, रस्ते बंद होते. सिलिंडरचा ट्रक कधी येईल, कुणी सांगू शकत नव्हतं. ट्रूडीने गावातल्या बारमध्ये फोन लावला. तिथेही असेच सिलिंडर लागतात.

"आम्हीच त्या ट्रकची वाट बघतोय, बाई," बारवाला म्हणाला. "आमच्या बियरला फेस नाही."

ट्रूडीने हे सांगितलं मात्र, लेम्पी ताडकन उठली. "फेस? अगं, माझ्या माजघरात रात्रंदिवस फेस उकळतोय!"

तिने घरी फोन केला. "रेइनो, तुझ्या बियरच्या बरण्या घेऊन ये. नळ्यांसकट."

"माझी बियर कॉलेजात? डुकरालासुद्धा देऊ नये म्हणायचीस ना?"

"आता मानाने मागतेय ना! बूट घाल."

रेइनो आला तो बर्फावरची ढकलगाडी ढकलत. तिच्यावर बरण्या गोधडीत गुंडाळून बाळंतिणीसारख्या बसवलेल्या. बरण्यांत यीस्ट साखर खात होतं आणि पेटीला हवा होता तोच वायू बुडबुड्यांनी सोडत होतं.

ट्रूडी दचकली. "यीस्ट? इथे? बशीत एक कण उडाला तर संपलं!"

"म्हणूनच हा आत येणार नाही," लेम्पी म्हणाली. "रेइनो, बाहेर बस. अंगभर यीस्ट आहे तुझ्या."

बरण्या बाहेरच्या बोळात राहिल्या. त्यांची नळी उकळलेल्या पाण्याच्या बाटलीतून, मग कापसाच्या घट्ट बोळ्यातून, दाराखालून पेटीत गेली. यीस्ट कापसात अडकेल आणि वायू तेवढा पुढे जाईल, असा बेत. झाकणाच्या चारी कडा ट्रूडीने चिकटपट्टीने बंद केल्या.

बुडबुडे मंदावले की रेइनो बरणीत साखर ओतायचा आणि तोंड वाकडं करायचा. "ही आता बियर राहिली नाही. सरबत झालंय."

"लेकरांना पाजतोयस. कुरकुर नको."

दोघी आळीपाळीने पेटीपाशी बसल्या. सोमवारी पिवळेपणा वाढला नाही, पण कमीही झाला नाही. लेम्पीची कॉफी पेटीपाशीच गार होऊन जायची. "बायांनो, बघा गं जरा," एवढंच ती पुटपुटायची.

बुधवारी दुपारी ट्रूडीने पेटीच्या काचेला नाक लावलं आणि तशीच थांबली.

"लेम्पी. मधोमध बघा."

पिवळ्या कडांच्या आत नवा थर धरला होता. कोवळा, ओला, हिरवागार. एका बशीत नाही, सगळ्यांत.

ट्रूडी धावत बोळात गेली आणि तिने रेइनोला अशी मिठी मारली की त्याची टोपी खाली पडली.

"माझ्या बियरचं एवढं कौतुक आजवर कुणी केलं नव्हतं," तो लेम्पीकडे बघत म्हणाला.

लेम्पी दारात उभी होती. हसता हसता तिचे डोळे वाहत होते. खिडकीबाहेर बर्फ पडतच होतं, ट्रकचा पत्ता नव्हता.

"बघत काय बसलास?" ती डोळे पुसत म्हणाली. "साखर ओत!"