गाळ्यातला गाळ

आमच्याकडे इतके किस्से कसे साठतात, असं बाहेरचे लोक विचारतात. कारण अगदी साधं आहे: वाट बघणं. गाळातून डीएनए काढायचा तर यंत्र तासन्‌तास फिरत राहतं, आणि ते फिरत असताना खोली सोडता येत नाही. मोबाइल बाहेर, डबा बाहेर, चहा बाहेर. आत उरतं काय? तोंड! त्यावरही मास्क.

मी शुभांगी. या लॅबमध्ये टेक्निशियन आहे, बावीस वर्षं झाली. रोज बोरिवलीहून मरोळला येते. आमचे प्रमुख सावंत सर, आणि प्रज्ञा ही त्यांची शेवटची पीएचडीची विद्यार्थिनी. सध्या एवढीच माणसं. आमचं काम म्हणजे तळ्याच्या तळाशी बसलेला गाळ. त्यात आजूबाजूच्या झाडांचे परागकण, बिया, पानांचे तुकडे अडकून राहतात. लांब पाइप घुसवून तो गाळ उभाच्या उभा बाहेर काढायचा आणि कुठल्या थरात कुठली झाडं होती ते शोधायचं. जितकं खाली, तितकं जुनं. हे मी आयुष्यात इतक्यांदा सांगितलंय की लग्नकार्यात नाव सांगायच्या आधी हेच तोंडातून निघतं.

*

लॅब औद्योगिक वसाहतीत आहे, दुसऱ्या मजल्यावरच्या गाळ्यात. एकदा प्रज्ञा कोकणातून पाइप भरून टेम्पोने आली, तर गेटवर नवा वॉचमन.

"काय माल आहे?"

"गाळ."

"गाळा नंबर नाही विचारला मॅडम. माल काय?"

"अहो, गाळच!"

"गाळा कळला हो! आत काय भरलंय?"

मागे टेम्पोंची रांग लागली, हॉर्न वाजायला लागले. शेवटी त्याने एक पाइप उघडायला लावला, वाकून बघितलं, वास घेतला आणि रजिस्टरमध्ये लिहिलं, 'चिखल, जुना.'

सरांनी खाली जाऊन ती नोंद स्वतः बघितली. म्हणाले, "इतक्या वर्षांत शुभांगीने इतकं नेमकं लेबल लावलं नाही."

*

प्रज्ञा कांजूरमार्गला राहते. वडील विमा ऑफिसात, मूळ गाव जालन्याकडे. पहिल्यांदा तळ्यावर गेली तेव्हा कमरेएवढ्या चिखलातला फोटो तिने हौसेने घरी दाखवला. वडिलांनी तो डोळ्यांजवळ धरून बघितला. मग म्हणाले, "तुझा आजा दुसऱ्याच्या चिखलातून पाय काढून मुंबईला आला. आणि तू एवढं शिकून परत त्यातच उतरलीस होय गं?"

तिने आम्हाला हे हसत हसत सांगितलं, मीही हसले. सर नाही हसले. त्याच आठवड्यात ते तिच्या घरी गेले. त्यांचे स्वतःचे वडील गिरणीत होते, त्यामुळे हे बोलणं त्यांना कुठे लागलं ते मला कळत होतं. चहा झाला, आणि सर तिच्या वडिलांना म्हणाले, "साहेब, इतका स्थिर हात माझ्या एकाही विद्यार्थ्याचा नव्हता."

वडील म्हणाले, "मग तिला खुर्चीवर बसवा की!"

पण त्यानंतर त्यांनी तो फोटो फ्रेम करून घेतला.

*

आता माझी फजिती. गाळाच्या नळ्यांबरोबर प्रत्येक खेपेला एक रिकामी नळीही चालवायची असते. तिच्यात गाळ घालायचा नाही, बाकी सगळे सोपस्कार तेच. तिला आम्ही 'कोरी' म्हणतो. शेवटी कोरीत काही सापडलं, तर ते तळ्यातलं नव्हे, आपल्याच अंगाखांद्यावरून आलेलं. मग सगळी खेप फेकायची. अपील नाही.

माझ्या भाचीची हळद मुलुंडला रविवारी झाली. सोमवारी मी दोनदा आंघोळ करून, नखं कापून कामाला आले. तीन आठवड्यांनी निकाल आला, तर हजारो वर्षं जुन्या गाळात हळद! आणि कोरीतही हळद!

मी खुर्चीत बसूनच राहिले. तीन आठवडे प्रज्ञा आणि मी मान मोडून बसलो होतो. सर आत आले, कागद ऐकला आणि म्हणाले, "शुभांगी, कोरीला हळद लागली. आता लग्न लावल्याशिवाय सुटका नाही!"

प्रज्ञा हसून हसून वाकली. मी बाथरूममध्ये जाऊन रडले. पण मला कोणी एका शब्दाने बोललं नाही, हे आजही सांगावंसं वाटतं. दुसऱ्या दिवशी फक्त दारावर चिठ्ठी होती: 'लग्न, बारसं, सत्यनारायण: तीन दिवस प्रवेश बंद.'

*

सर कागद बघत नाहीत, ऐकतात. हे कसं सुरू झालं ते सांगते.

तीस वर्षं सर परागकण मोजत आले. डोळा सूक्ष्मदर्शकाला, बोट काउंटरवर, टिक टिक टिक. दोन वर्षांपूर्वी ते कुरकुर करायला लागले की मायक्रोस्कोप फोकस धरत नाही. घाटकोपरहून दुरुस्तीवाला आला, काचा पुसून गेला. पंधरा दिवसांनी परत बोलावला. तिसऱ्यांदा आला तेव्हा त्याने पिशवीच उघडली नाही.

"सर, रागावू नका. मशीन झकास आहे. पहिल्यांदा आलो तेव्हाही झकासच होतं."

सरांनी बराच वेळ टेबलाच्या कडेवरून हात फिरवला. मग म्हणाले, "म्हणजे बिघाड डोळ्याच्या बाजूला आहे."

डॉक्टरांनी सांगितलं, डोळ्याच्या पडद्याचा मधला भाग गेला. कडेकडेचं दिसेल, मधलं नाही. आणि परागकण नेमका मधेच येतो! त्या दिवसापासून प्रज्ञा बघायची आणि सर विचारायचे. "भोकं किती? कड जाड की पातळ? अंगावर काटे आहेत?" चार प्रश्नांत झाडाचं नाव सांगायचे. मला हे बघवायचं नाही, मी नळ्या धुवायला निघून जायची.

*

ज्या तळ्यासाठी हा सगळा खटाटोप, ते सरांच्या गावचं, तळकोकणातलं. तरुणपणी याच तळ्याच्या गाळात सरांना गवताचे मोठे परागकण सापडले होते. लागवडीच्या भाताचे कण मोठे असतात, म्हणून त्यांनी मांडलं की इथे माणसं फार पूर्वीपासून भात लावत होती. सरांचं नाव त्यावर झालं. गावाने तर तळ्याकाठी बोर्डच लावला: 'अतिप्राचीन भातशेतीचे गाव', आणि खाली सरांचं नाव, वडिलांच्या नावासकट.

निवृत्तीला वर्ष उरलं तेव्हा सरांनी ठरवलं की त्याच थराची डीएनएने खात्री करायची. कोणी मागितली नव्हती. आम्ही तळ्यावर गेलो, तेव्हा सरपंच स्वतः होडी धरून उभे होते. "सर, आणखी खाली जुना काय गावला तर कळवा हां. बोर्ड मोठो करूक येतलो!"

सर मनापासून हसले. त्यांना बोर्ड दिसत नव्हता. प्रज्ञाला म्हणाले, "वाच गं एकदा." तिने मोठ्याने वाचला.

*

त्या थरात भाताची जळकी तुसं निघाली. प्रज्ञा आणि मी नाचायच्या बाकी होतो. मग तिने एक तूस उलटं केलं आणि गप्प झाली. मला म्हणाली, "ताई, हे बघा ना जरा."

पेरलेल्या भाताचा दाणा झोडपून काढावा लागतो, त्यामुळे त्याचं बूड फाटलेलं असतं. आपोआप उगवणाऱ्या भाताचा दाणा पिकला की आपणच गळून पडतो, त्याचं बूड गुळगुळीत राहतं. हे बूड गुळगुळीत होतं. सगळ्यांचीच होती. हे देवभात होतं, तळ्याच्या कडेला न लावता, न नांगरता येतं ते. त्याचेही कण मोठेच असतात.

"डीएनए येऊ दे," मी म्हटलं. डीएनए आला, तोही देवभाताचा. सगळी मदार आता कोरीवर होती. तिच्यात काही सापडलं असतं तर खेप रद्द, निकाल रद्द. बावीस वर्षांत पहिल्यांदा मी देवाकडे मागितलं की कोरी घाण निघू दे! प्रज्ञा देव मानत नाही, पण तीही डोळे मिटून बसली होती.

कोरी स्वच्छ होती. परत केली, पुन्हा स्वच्छ.

प्रज्ञाने आठ दिवस सरांना सांगितलं नाही. तिचा डबा तसाच परत जायचा. मला म्हणाली, "ताई, त्या माणसाने मला उभं केलं. आणि मी त्यांच्या गावात, त्यांच्या बापाच्या नावाखाली जाऊन हे सांगू?" मी म्हटलं, "लिहून काढ. बोलायला जमत नसेल तर वाचून दाखव."

*

सरांचा एक रिवाज आहे. ज्या गावच्या तळ्यातून गाळ काढायचा, त्या गावासाठी दोन पानांचा मराठी अहवाल लिहायचा. तो ग्रामसभेत वाचला जातो. प्रज्ञाने तो लिहिला, आणि एका दुपारी सरांसमोर बसून वाचायला घेतला. मी उगाच कपाट आवरत उभी राहिले.

तळ्याचा आकार झाला, झाडांची नावं झाली. देवभातही आलं, पण असं हळूच, चार गवतांच्या मधे. सर मान हलवत होते. शेवटचे आभार वाचून तिने कागद मिटला.

सर म्हणाले, "दुसऱ्या पानावर तू एक वाक्य गाळलंस."

"नाही सर."

"देवभातानंतर तुझा श्वास अडकला. तिथलं वाच."

प्रज्ञाने माझ्याकडे बघितलं. मी कपाटाकडे बघितलं. तिने कागद उघडला. ओळीखाली बोट धरून वाचलं.

"'या थरातील परागकण लागवडीच्या भाताचे आहेत, असे पूर्वी सांगितले गेले होते. ते बहुधा चुकीचे होते.'"

बाहेर कुठल्या तरी गाळ्यात प्रेसचा ठोका पडत होता. सरांनी विचारलं, "बूड कसं आहे?"

"गुळगुळीत, सर."

"सगळ्यांचं?"

"सगळ्यांचं."

"कोरी?"

"स्वच्छ. दोन्ही वेळा."

सर खुर्चीत मागे टेकले. "ऋषिपंचमीला बैलाच्या कष्टाचं खायचं नसतं," ते म्हणाले. "आई दर वर्षी त्याच तळ्यात उतरून देवभात काढायची. टोपली धरायला मी असायचो."

प्रज्ञा रडत होती. मलाही सगळं धूसर दिसत होतं. सरांनी चाचपत हात पुढे केला आणि तिच्या हातातल्या कागदावर बोट ठेवलं. भलत्याच ओळीवर.

"यातला 'बहुधा' काढ," ते म्हणाले.