पुढच्या रांगेतली खुर्ची

आमचे अब्बा कुस्तीचे जन्माचे शौकीन होते, आणि त्यांनी आयुष्यात एकही पैलवान पडताना पाहिला नव्हता.

डोळे अधू होते असं नाही. नजर घारीची होती. अडचण उंचीची होती. आमच्या घराण्यात उंची कुणी कुणाला वारसानं दिलीच नाही. (जमीनही दिली नाही, पण तो विषय वेगळा.) अब्बा नालबंद. तळेगाव ढमढेऱ्याच्या बाजारात बैल आडवा पाडायचा, चारी पाय दाव्यानं आवळायचे आणि खुरांना लोखंडी पत्र्या ठोकायच्या, हा आमचा पिढीजात धंदा. बाजाराच्या दिवशी घरात भाकरी असायची, एरवी भाकरीची चर्चा. बैलानं लाथ झाडली तर तीही अब्बांनीच खायची. म्हणजे पाडापाडीचा अनुभव दांडगा! रोज शिंगंवाला गडी जमिनीवर लोळवणाऱ्या या माणसाला दोन पायांचा गडी लोळताना मात्र कधी बघायला मिळाला नाही.

कारण सोपं होतं. आखाड्याच्या कडेला पुढं बागाईतदार, त्यांच्या मागं त्यांचे पाहुणे, त्यांच्या मागं पाहुण्यांचे गडी, आणि सगळ्यांत मागं आम्ही. कुस्ती सुरू असेपर्यंत दोन फेट्यांच्या फटीतून काहीतरी हलताना दिसायचं. पण निकालाची वेळ आली, की पुढचे सगळे फेटे एकदम उभे! आरोळी उठायची, टोप्या उडायच्या, आणि अब्बा चवड्यांवर उड्या मारत पुढच्याच्या पाठीला विचारायचे, "कोन पडलं? ओ पाव्हणं, कोन पडलं?"

केंदूरला ओढ्याकाठी हेच. शिरूरला घोडनदीच्या वाळूत हेच. एकदा दौंडला रेल्वेच्या मैदानावर साहेब लोकांची हॉकी बघायला गेलो, तर तिथं कुंपणाबाहेरून नुसती काठ्यांची टोकं दिसली. अब्बांनी सवयीनं तिथंही विचारलं, "कोन पडलं?"

अम्मा म्हणायची, "तुझे अब्बा कुस्ती बघायला न्हाई, ऐकायला जात्यात."

मी बी.ए. झालो. आमच्या घराण्यातला पहिला. पहिला कसला, आमच्या घराण्यात सही करणाराही मीच पहिला. पुण्यात पडेल ते काम करून शिकलो, आणि हे मी कुणी विचारलं नाही तरी सांगतो. दौंडच्या एका शाळेत मास्तर म्हणून लागलो, आणि पहिल्याच वर्षी तिथल्या सोसायटीचे चेअरमन तात्यासाहेब यांच्या थोरल्या चिरंजीवांना इंग्रजीत पास करून दाखवलं. (माझ्या शिक्षकी आयुष्यातला हा एकमेव चमत्कार.) तात्यासाहेब खूश झाले.

"मास्तर, औंदा नदीकाठी कुस्त्यांचा फड हाय. पत्र्याचं कुंपण केलंय, पुढं खुर्च्या टाकल्यात. तुमची खुर्ची पुढच्या रांगंत."

मी त्याच रात्री अब्बांना निरोप धाडला, या म्हणून. आता तुमच्या पुढं कुणी उभं राहणार नाही.

अब्बा एसटीनं आले. धुतलेला सदरा, नवी टोपी, मिशीला तेल. वाटेत प्रत्येक उतारूला सांगत आले असावेत, कारण स्टँडवर कंडक्टरनं मला विचारलं, "तुमीच का ते खुर्चीवालं मास्तर?"

फडाच्या तोंडाशी तात्यासाहेबांचा भाचा रामभाऊ दंडाला फीत बांधून उभा होता.

"या मास्तर! ही तुमची खुर्ची. आन् हे?"

"माझे वडील. त्यांना बसू दे खुर्चीत, मी खाली बसतो."

रामभाऊनं अब्बांच्या हातांकडं पाहिलं. नालबंदाचे हात धुऊन पांढरे होत नाहीत.

"मास्तर, खुर्ची बी.ए.ला हाय. आज नालबंद बसला, तर उद्या न्हावी म्हनंल मला द्या, कुंभार म्हनंल मला द्या. मग आमी काय झाडावर बसायचं?"

मी तोंड उघडलं. तेवढ्यात अब्बांनीच माझ्या कोपराला धरलं. "राहू दे बेटा. मी तुझ्या मागंच बसतो. जवळ तर जवळ."

आणि बसले. माझ्या खुर्चीच्या बरोबर मागं, जमिनीवर. जन्मभर अब्बांच्या पुढं परक्यांच्या पाठी होत्या. आता मुलाची आली.

"दिसतंय का, अब्बा?"

"दिसतंय की. तुझा कोट दिसतोय. चांगला शिवलाय."

पहिली कुस्ती लागली. निकालाला पुढचे सगळे उठले. (खुर्चीवाले तर खुर्चीवरच उभे राहिले. बागाईतदार तो बागाईतदार!) मागून आवाज आला, "कोन पडलं?" मी वळून सांगितलं. दुसरी लागली. "कोन पडलं?" मी पुन्हा वळलो. तिसरीला तर मी आधीच मागं वळून बसलो होतो, त्यामुळं कोण पडलं ते मलाही कळलं नाही. म्हणजे एका खुर्चीच्या जोरावर आमच्या घरातल्या दोघांनाही काही दिसेनासं झालं. शिक्षणाचा फायदा सर्व कुटुंबाला होतो म्हणतात, तो असा!

मग किसन पैलवान मैदानात आला. दार भरून जाईल असा गडी. त्याच्याशी लढायचा जोडीदार आलाच नव्हता. गाडी चुकली म्हणे. (किसनला पाहिल्यावर मला त्या जोडीदाराच्या शहाणपणाचं कौतुक वाटलं.) हलगी वाजू लागली आणि किसन उजवा हात पुढं धरून फडाला फेरी मारू लागला. लोक हात जोडत होते, मान हलवत होते, मागं सरकत होते. फिरत फिरत तो खुर्च्यांसमोर आला. तात्यासाहेबांनी नमस्कार केला. त्यांच्या शेजारच्यांनी नमस्कार केला. आणि तो हात माझ्यासमोर आला.

आता इथं माझी बाजू ऐकून घ्या. कॉलेजात मी एक गोष्ट पक्की शिकलो होतो. मोठ्या माणसाचा हात पुढं आला, की उभं राहायचं, कोट सारखा करायचा आणि हात घट्ट धरून हलवायचा. आणि कुस्तीच्या फडात हात पुढं धरून फिरणाऱ्या पैलवानाचं काय करायचं असतं, हे मला ठाऊक असायचं कारण नव्हतं. ते पुढच्या रांगेत घडतं. आमची हयात मागच्या रांगेत गेली होती! आम्हाला कुस्तीतलं फक्त 'कोन पडलं' माहीत.

मी उभा राहिलो. कोट सारखा केला. हात घट्ट धरून हलवला आणि म्हणालो, "काँग्रॅच्युलेशन्स!"

हलगी थांबली. आणि मग अशी आरोळी उठली, की पत्र्याचं कुंपण थरथरलं.

"जोड ठरली!" कर्ण्यातून आवाज आला. "किसन पैलवानाचा हात घेतलाय, तळेगाव ढमढेऱ्याच्या नालबंदाचं चिरंजीव, बी.ए. मास्तर यांनी!"

पांढऱ्या मिशांचे पंच आप्पा पुढं आले. मी हात सोडवायला बघत होतो, पण किसनचा हात म्हणजे दरवाजात बोट सापडावं तसा.

"आप्पा, गैरसमज होतोय! मी नुसता शेकहँड केला!"

"म्हंजी हातच घेतला न्हवं?"

"घेतला, पण कुस्तीसाठी नाही!"

"मग फडात हात कशापायी घेत्यात? नाडी बघाया?"

तात्यासाहेब खुर्चीतून वाकले. "मास्तर, आता माघारी फिरू नका. तुमची न्हाई, माझ्या खुर्चीची अब्रू हाय."

मागून जमिनीवरून कुणीतरी ओरडलं, "आरं, नालबंदाचं हाय ते! पाडा, दावं बांधा आन् दोन पत्र्या ठोका!"

सगळा फड हसला. अगदी खुर्च्याही हसल्या. माझ्या चार वर्षांच्या बी.ए.चा त्या एका वाक्यात निकाल लागला. मी मागं पाहिलं. अब्बा खाली मान घालून बसले होते. मग मी कोट काढला. शौर्यानं नव्हे. लाजेला दुसरी वाट दिसेना म्हणून.

लंगोट कुणाचा तरी उसना आणला. तो माझ्याभोवती दोन वेढे जास्त फिरला. कुंपणाबाहेरच्या बाभळीवर माझी नववी ब, अख्खी, हजेरी न घेता हजर होती. त्या दिवसानंतर 'शांत बसा' म्हणायचा माझा अधिकार संपला.

पंचांनी हाळी दिली, "पैलवानाचं कपडं धराया घरचं कोन हाय? पुढं घ्या त्यांना!"

ही त्या फडातली रीत. पैलवान लढत असताना त्याचं घरचं माणूस अगदी पुढं, मोक्याच्या जागी बसणार. मग तो पैलवान कसलाही असो. लोकांनी अब्बांना उचललंच जवळजवळ. आणि ज्यानं हाकललं तोच रामभाऊ माझी रिकामी खुर्ची पंच्यानं पुसत म्हणाला, "बसा चाचा, बसा. तुमचीच हाय."

अब्बा बसले. मांडीवर माझा कोट, विजार, वर चष्मा. पाय जमिनीला टेकत नव्हते. समोर लाल माती, मधे कुणी नाही. एक फेटा नाही, एक पाठ नाही.

मी वाकून कानात म्हटलं, "अब्बा, तुम्ही पंचांना सांगा, पोराला ताप आहे म्हणून. घरच्यांचं ऐकतील ते."

अब्बांनी माझ्याकडं पाहिलं. मग मातीकडं पाहिलं. मग दोन्ही हात खुर्चीच्या हातांवरून फिरवले.

"बेटा," ते अगदी हळू म्हणाले, "जरा लढतोस का? इथनं लई झ्याक दिसतंय."

बापानं पोराला विकल्याच्या गोष्टी ऐकल्या होत्या. खुर्चीपायी विकलेला मी पहिलाच.

मी मैदानात गेलो. किसननं माझ्या अंगावर माती टाकली, मी त्याच्या अंगावर टाकली. (ती त्याच्या गुडघ्यापर्यंत पोचली.) मानेला मान लागल्यावर तो कानात पुटपुटला, "भिऊ नका, मास्तर. कुठल्या कुशीवर झोपता?"

"डाव्या."

"मग डावीकडनं ठेवतो. लागायचं न्हाई."

मला रडू आलं. त्या फडात माझ्याशी माणसासारखं बोललेला तो एकटाच, आणि तोच मला पाडणार होता.

"पैलवान, एक काम करा," मी म्हटलं. "पाडायचंच तर त्या खुर्च्यांपुढं पाडा. आमच्या अब्बांना दिसू द्या. त्यांनी कधी पाहिलं नाही."

किसननं एकदा खुर्च्यांकडं पाहिलं. मग त्यानं मला कमरेत धरलं, खांद्यावर घेतलं आणि ज्वारीचं पोतं न्यावं तसं फडाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत नेलं. सगळा फड उभा राहिला. हलगी कडाडली. नववी ब माझ्या नावानं ओरडत होती. (कुठल्या बाजूनं ते मी विचारलं नाही.) बरोबर अब्बांच्या पायांशी त्यानं मला, डावी कूस आधी टेकवून, अलगद उताणं केलं. दोन्ही खांदे मातीला. चीत!

पडल्या पडल्या मी वर पाहिलं. म्हटलं, एवढं करून घेतलं, तर निदान त्यांचा चेहरा बघावा.

चेहरा दिसलाच नाही. अब्बांनी माझी विजार दोन्ही हातांनी डोळ्यांवर गच्च दाबून धरली होती.

आरोळी ओसरली. विजार हळूहळू खाली आली. वर अब्बांचे ओले डोळे, आणि त्याखाली सवयीनं हललेले ओठ.

"कोन पडलं?"

"मीच, अब्बा."

"लागलं का?"

"नाही."

"मग ठीक हाय," ते म्हणाले, आणि चष्मा पुसून माझ्या हातात दिला.

तेवढ्यात रामभाऊ आला. "चला नालबंद, खुर्ची मोकळी करा. कुस्ती झाली." चाचा म्हणायची मुदतही कुस्तीबरोबरच संपली होती. पुढची कुस्ती आम्ही दोघांनी मागं उभं राहून ऐकली.

तर आमच्या घराण्याची कमाई एवढी. एक बी.ए. झाला, आणि एक नालबंद पुढच्या रांगेतल्या खुर्चीत बसला. किती वेळ बसला म्हणाल, तर मी जितका वेळ उभा होतो तितका. मी आणखी थोडा टिकलो असतो, तर अब्बा आणखी थोडे बसले असते.