लाल गाडी आणि माझं चुंबक

ही गोष्ट सांगावी का गिळून टाकावी, असं दोनदा मनात आलं. पण चहा सांगितलाच आहे, तर ऐका. मी एका सरळ माणसाचं चाळीस वर्षांचं स्वप्न अर्ध्या तासात मोडलं, आणि वर शाबासकीची वाट बघत बसलो!

आधी माझं काम सांगतो. मी अणदूरचा. जुना ट्रॅक्टर, जुनी जीप, काहीही घ्यायचं म्हटलं की आमच्या भागातली माणसं मला बरोबर नेतात. कशाला? खोट काढायला. माझे वडील बैलबाजारात हेच करायचे. घेणाऱ्यानं गप्प उभं राहायचं, बरोबरच्या माणसानं दात बघायचे, खूर बघायचे आणि तोंड वाकडं करायचं. मालकाचा चेहरा उतरला की भाव उतरतो. वडिलांनी बैलांना नावं ठेवली, मी वाहनांना ठेवतो. स्टँडवरची एसटीसुद्धा माझ्या तोंडातून सुटलेली नाही.

तर पुण्याहून दाजींचा फोन आला. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. बँकेतून नुकतेच रिटायर झालेले. कॉलेजात असताना त्यांनी एका कॅलेंडरवर दोन माणसांची, बिनछताची, विलायती लाल गाडी पाहिली होती. तेव्हापासून ती डोक्यात बसलेली. आणि आता मोबाईलवर अगदी तशीच जुनी गाडी विकायला आलेली. किंमत नऊ लाख, ठिकाण तामलवाडी!

“नामदेव, तुझ्याच तालुक्यात आहे बघ,” दाजी म्हणाले. “अस्सल असेल तर नऊ म्हणजे फुकट. मी बरोबर तेवढेच बाजूला ठेवलेत, त्याच्यावर जमणार नाही. तू फक्त खरी का खोटी ते सांग.”

“दाजी, सातला पाडून देतो!”

“पाडू नको. खरी का खोटी, एवढंच.”

मी एवढंच ऐकलं असतं तर आज तुम्हाला सांगायला काही उरलं नसतं.

गाडीच्या मालकीण कमलसिस्टर. सरकारी दवाखान्यातून रिटायर झालेल्या नर्स, त्यामुळं अख्खं गाव त्यांना सिस्टरच म्हणतं. त्यांचे वडील सोलापुरात एका गिरणीच्या साहेबाकडं ड्रायव्हर होते. साहेब कायमचा विलायतेला निघाला तेव्हा गाडी वडिलांच्या नावावर करून गेला. आता ती पत्र्याच्या शेडमध्ये, कडब्याच्या शेजारी, गोधडी पांघरून उभी होती.

सिस्टरनी गोधडी ओढली आणि मी बघतच राहिलो. लई देखणी गाडी हो! पण देखणी म्हणालो तर भाव उतरायचा कसा?

“दार केवढंसं हे! ह्यात माणूस बसतो का घडी करून ठेवायचा?”

“आमचे वडील बसायचे की,” सिस्टर म्हणाल्या. “सहा फूट हुते.”

त्यांनी जुनं आरसी बुक आणलं. मी वाकून चासीवरचा नंबर वाचला. पुस्तकातल्या नंबराशी तंतोतंत जुळला.

“नंबराचं काय घिऊन बसलाव, सिस्टर! नंबर ठोकून मिळतो.”

“पुस्तक वडलांच्या हातचं हाय, भाऊ.”

“पुस्तक खरं असंल. पण गाडी तीच कशावरनं?”

काय वाक्य होतं! माझं मलाच आवडलं. एव्हाना शेजारची दहा-बारा माणसं जमली होती. सिस्टरची सून मोबाईल धरून शूटिंग करत होती.

“हे कशाला?” मी विचारलं.

“धरू द्या वो,” सिस्टर म्हणाल्या. “जाहिरात पोरानं टाकलीय. किंमत बी त्यानं अंदाजानंच लावली. जाणता माणूस काय म्हणतोय ते त्याला दावायचंय.”

जाणता माणूस! मी कॉलर नीट केली आणि खिशातून चुंबक काढलं. ठोकलेल्या वाहनात पुट्टी भरून वरून रंग मारलेला असतो. लोखंडी पत्र्याला चुंबक टपकन चिकटतं, पुट्टीला चिकटत नाही. या एका चुंबकावर मी आजवर चांगल्या चांगल्यांची तोंडं बंद केली आहेत.

बॉनेटला लावलं, पडलं. दाराला लावलं, पडलं. डिकीला, मडगार्डला, कुठंच धरेना!

“अख्खी गाडीच पुट्टीची हाय का काय?” एका म्हाताऱ्यानं विचारलं.

मी खाली बसलो आणि मडगार्डची आतली कड नखानं खरवडली. पांढरा धातू चमकला. मी उभा राहिलो, मोबाईलकडं तोंड केलं आणि मोठ्यांदा म्हणालो, “मंडळी, हे लोखंडच न्हाय! हे जर्मन हाय!”

आमच्याकडं ॲल्युमिनियमच्या भांड्यांना जर्मनची भांडी म्हणतात.

“कुण्या भांडेवाल्यानं पातेली ठोकून गाडी केलीय! बघा, चुंबक कुठं बी धरत न्हाय. किलोवर घाला, सिस्टर!”

सगळे हसले. सिस्टर हसल्या नाहीत. त्यांनी गोधडी परत घातली, आणि मला चहासुद्धा दिला. थोडं वाईट वाटलं, पण काम म्हणजे काम. तिथूनच दाजींना फोन लावला.

“दाजी, नाद सोडा. पातेलं आहे.”

“अरे, पण नंबर जुळला का?”

“जुळला.”

“मग?”

“दाजी, गाडी मी बघतोय का तुम्ही?”

“बरं,” दाजी म्हणाले. बारीक आवाजात.

चार दिवसांनी त्यांचाच फोन. “नामदेव, ती जाहिरात परत आलीय. किंमत वीस लाख. सोबत व्हिडिओ आहे, बघून घे.”

बघितला. व्हिडिओत मीच! बॉनेटला, दाराला, डिकीला चुंबक लावतोय आणि ओरडतोय, हे लोखंडच न्हाय! खाली लिहिलेलं, ‘हातानं घडवलेली मूळ ॲल्युमिनियम बॉडी. पुट्टी नाही, लोखंड नाही. जाणकारानं केलेली तपासणी पाहा.’

झालं होतं असं, की ही गाडी बनवणाऱ्या विलायती कंपनीनं सुरुवातीच्या थोड्याच गाड्या ॲल्युमिनियमच्या केल्या होत्या. त्यांनाच खरी किंमत. नकली करणारे सगळे लोखंडी पत्रा वापरतात. माझा व्हिडिओ बघून कुणीतरी हे सिस्टरच्या मुलाला कळवलं. म्हणजे चुंबक पडणं हाच अस्सलपणाचा दाखला! तो मी साक्षीदारांसमोर, गाडीला फेरी मारून, फुकट दिला होता.

दाजींनी शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. ते फक्त म्हणाले, “आवाज स्वच्छ आलाय तुझा.” आठवड्यात गाडी कोल्हापूरच्या एका माणसानं वीस लाखांना नेली. मी पुण्याला जाऊन दाजींची माफी मागितली. त्यांनी जेवू घातलं, गाडीचं नाव काढलं नाही.

परत येतोय तोवर सिस्टरचा फोन.

“भाऊ, पेढे न्यायला या. आन एक काम हुतं. आमच्या जाऊबाईंचं मळणी यंत्र इकायचंय, दोन वर्षं झाली गिऱ्हाईक येईना. तुमी येऊन तेवढी त्याला नावं ठिवून जाता का?”