संत्र्याचा तास

छोट्या बाई हे नाव त्यांना दोन कारणांनी पडलं होतं. एक तर त्या बालवर्गात असायच्या, आणि दुसरं म्हणजे फळ्याच्या वरच्या कडेपर्यंत त्यांचा हात पोचायचा नाही. खरं तर त्या शिकवायला म्हणून शाळेत आल्याच नव्हत्या. मुलांना डबा भरवणं, नाकं पुसणं, रडणाऱ्याला कडेवर घेऊन फिरवणं यासाठी त्यांना ठेवलं होतं, आणि त्यात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं. पण बालवर्गाच्या शिक्षिका लग्न होऊन परगावी गेल्या, तेव्हा मुख्याध्यापिकेनं, म्हणजे मोठ्या बाईंनी, यांना बोलावून सांगितलं की आता वर्ग तुम्हीच घ्या, मुलं तुमचं ऐकतात.

मुलं ऐकतील, पण इंग्रजी माझं ऐकत नाही, असं त्यांच्या अगदी ओठांवर आलं होतं. त्या "बरं" म्हणून बाहेर आल्या आणि जिन्यातच बसल्या. 

त्यांचा नवरा पंखे आणि मिक्सर दुरुस्त करायचा. त्यानं आपल्या परीनं धीर दिला. म्हणाला, मला ऑन आणि ऑफ एवढंच येतं, तेवढ्यावर आपला संसार चाललाय ना? बाईंना हसू आलं, पण ते टिकलं नाही. कारण पहिल्याच आठवड्यात मोठ्या बाई तास बघायला येणार होत्या आणि धडा होता इंग्रजी 'ओ'चा, ओ फॉर ऑरेंज. पुस्तकातलं संत्रं छपाईत असं काही लालबुंद झालं होतं, की अर्धा वर्ग त्याला टोमॅटो म्हणत होता.

मग बाईंनी ठरवलं, पुस्तक ठेवायचं बाजूला. त्यांनी पिशवीभर संत्री आणली आणि पाण्यानं भरलेली काचेची बरणी टेबलावर ठेवली. इंग्रजीही त्यातूनच, विज्ञानही त्यातूनच.

तास सुरू झाला तेव्हा मोठ्या बाई मागच्या बाकावर येऊन बसल्या. छोट्या बाई पहिलंच वाक्य दोनदा चुकल्या. पण मुलांना त्याचं काय? संत्रं हातोहात फिरलं, प्रत्येकानं हुंगलं. ऑरेंज झालं, राउंड झालं. साल काढत बाई म्हणाल्या, धिस इज पील. पहिल्या बाकावरच्या मुलानं विचारलं, टॉवेलला देतात तो का? मोठ्या बाईही हसल्या. मग बाईंनी सालीसकट संत्रं पाण्यात टाकलं. ते तरंगलं. सोललेलं टाकलं, ते सरळ तळाशी गेलं. सालीत हवा असते, ती संत्र्याला वर धरून ठेवते, असं त्यांनी समजावलं. तरंगतं ते फ्लोट, बुडतं ते सिंक. एक मुलगी म्हणाली, आमच्याकडे सिंकमध्ये भांडी घासतात. वर्गात हशा पिकला. बाईंनी सगळ्यांच्या हातावर एकेक फोड ठेवली. चव बघा, स्वीट की सावर, गोड की आंबट ते सांगा.

खिडकीजवळ एक मुलगी बसायची. सगळे तिला मनी म्हणायचे, कारण ती मांजरीसारखी आवाज न करता यायची आणि आवाज न करता बसायची. तिचं तोंड उघडं होतं. हात गळ्याशी होते. ती खोकत नव्हती, रडत नव्हती. शेजारची पोरं "स्वीट, स्वीट" म्हणून कल्ला करत होती आणि तिचे ओठ निळसर व्हायला लागले होते.

बाईंनी ते पाहिलं. त्या बाकांमधून कशा गेल्या, ते त्यांना नंतरही सांगता येईना. मागच्या वर्षी अग्निशमन दलाचा एक माणूस शाळेत येऊन रबरी बाहुलीवर काहीतरी शिकवून गेला होता. तेव्हा सगळ्या शिक्षिका हसत होत्या, यासुद्धा. आता हसणं आठवलं आणि तो माणूस काय म्हणाला ते आठवेना. मोठ्या बाई उभ्या राहिल्या होत्या, पण जागच्या हलल्या नव्हत्या. बाईंनी मनीला पुढे वाकवलं, एका हातानं छाती सावरली आणि तळव्यानं पाठीत, दोन खांद्यांच्या मधोमध, मारलं. काही नाही. पुन्हा मारलं. इतकं लहान मूल, आणि आपण त्याला इतक्या जोरानं मारतोय, हे त्यांचं त्यांनाच ऐकू येत होतं. वर्ग चिडीचूप झाला होता. तेव्हा मग दुसरी गोष्ट आठवली. त्या गुडघ्यांवर बसल्या, मागून मिठी घातली, मूठ पोटावर बेंबीच्या वर ठेवली आणि आत, वरच्या दिशेनं झटका दिला. दुसऱ्या झटक्याला फोड अख्खीच्या अख्खी फरशीवर पडली.

मनी रडली. शाळेत आल्यापासून पहिल्यांदाच ती इतक्या मोठ्यानं रडत होती. बाईंना वाटलं, हे रडणं थांबूच नये.

दवाखान्यात डॉक्टरांनी तपासून मुलगी ठीक असल्याचं सांगितलं. तरी बाईंच्या जिवात जीव आला नाही, कारण अजून मनीचे वडील यायचे होते. ते बस चालवायचे. अंगावर ड्यूटीचाच गणवेश, हातात टोपी. बाई भिंतीला टेकून उभ्या होत्या. ओरडतील, हात उगारतील, नोकरी घालवतील, सगळं त्यांनी मनात पाहून ठेवलं होतं. वडिलांनी टोपी काखेत धरली. मुलीला उचललं. मग हळूच म्हणाले, "बाई, उद्या हिला पाठवू का?"

 बाईंची "पाठवा" म्हणायची छाती नव्हती, "नको" म्हणायचा अधिकार नव्हता.

मनी पुढचे काही दिवस आली नाही. बाई शाळेत येत होत्या, पण डब्याची सुट्टी झाली की त्यांचं सगळं अंग कान व्हायचं. कुणी गप्प दिसलं की त्या नाव घेऊन हाक मारायच्या आणि त्यानं "काय?" म्हटल्याशिवाय पुढे सरकायच्या नाहीत. घरी नवरा घास तोंडात घेऊन बातम्या बघत बसला, तरी त्याला बोलतं करायच्या. तो वैतागून म्हणाला, अगं, जेवू तरी दे. मोठ्या बाईंनी तर वर्गात खाण्याचं काही आणायचंच नाही, असं सांगून टाकलं. त्या दिवशी आपण नुसत्या उभ्या राहिलो, हे त्यांनाही आत कुठेतरी खात होतं.

छोट्या बाईंना हे ऐकून सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. तसं झालं नाही. मुलं डबा तर रोज खाणारच होती. त्या मोठ्या बाईंच्या खोलीत गेल्या आणि घाबरत घाबरत म्हणाल्या, "फळ बंद करून काय होणार? मला भीती वाटते, पण मुलांना खायला शिकवायचंच राहिलं होतं, ते शिकवू द्या." मोठ्या बाईंनी होकार दिला. वर, अग्निशमन दलाला पुन्हा बोलावते, असंही म्हणाल्या.

मनी परत आली त्या दिवशी बाईंनी संत्री घरूनच तयार करून आणली होती. फोडींचे पापुद्रेही काढले होते, बिया काढल्या होत्या, बारीक तुकडे केले होते. बसून खायचं, चावून खायचं, तोंडात असताना बोलायचं नाही आणि हसायचं नाही. स्मॉल बाइट, असं त्यांनी सगळ्यांकडून म्हणवून घेतलं. उच्चार चुकला की बरोबर, याकडे त्यांचं लक्षच नव्हतं.

मनीनं तुकडा हातात घेतला आणि नुसती बघत राहिली. बाई तिच्या शेजारी फरशीवर बसल्या. खा, असं त्या म्हणाल्या नाहीत. मनीनं तो तुकडा त्यांच्यापुढे धरला.

"आधी तुम्ही."

बाईंनी तो तोंडात घातला.  त्या चावत राहिल्या आणि मनी त्यांच्या गळ्याकडे एकटक बघत राहिली. अखेर घास उतरला. मग मनीनं दुसरा तुकडा उचलला, खाल्ला, बराच वेळ चावला आणि म्हणाली, "सावर."

"बरोबर," बाई म्हणाल्या. "आंबटच आहे."

बाई पुढे कितीतरी वर्षं तोच वर्ग शिकवत राहिल्या. मुलं जेवत असताना त्यांना खुर्चीवर बसलेलं मात्र कुणी कधी पाहिलं नाही.