सरांची अभिरुची आणि काकूंचं समाधान

"माझ्या ऐकण्याला एक दर्जा आहे, मॅडम," परब सर म्हणाले. "मला भाजीवाल्याच्या आरोळ्या नकोत. मला विचार ऐकायचे आहेत."

विचार ऐकवणारं मशीन अजून निघालेलं नाही. मी मुलुंडला ऑडिओलॉजिस्ट आहे, म्हणजे कान तपासते आणि श्रवणयंत्र बसवते. आमच्या मशीनला माणसाचं बोलणं आणि गोंगाट एवढाच फरक कळतो, तोही कसाबसा. तत्त्वज्ञान आणि दुधीचा भाव त्याला एकच.

सर कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवून रिटायर झालेले. रविवारी त्यांच्या हॉलमध्ये अभ्यासमंडळ भरतं. तिथे मागच्या रांगेतल्यांचं बोलणं ऐकू येईना, म्हणून मुलगा निखिल त्यांना घेऊन आला होता. सोबत सरांची बायको, म्हणजे काकू. काकू कोपऱ्यातल्या खुर्चीत बसून सगळ्यांकडे बघून छान हसत होत्या.

मी सरांची टेस्ट केली. बंद खोलीत हेडफोन लावून बारीकबारीक आवाज ऐकवायचे आणि ऐकू आला की बटण दाबायला सांगायचं. निकाल अगदी साधा निघाला. वयाप्रमाणे थोडं कमी झालं होतं, बस. सरांना ते आवडलं नाही. त्यांचा आजारसुद्धा चारचौघांसारखा नसावा अशी इच्छा असावी.

माझी एक सवय आहे. पेशंटसोबत आलेल्या माणसाशी मी तोंड झाकून एकदा बोलते. मी फाइल तोंडापुढे धरली आणि नेहमीच्या आवाजात म्हटलं, "काकू, घरी गॅस चालू राहिलाय तुमचा."

काकू हसल्या. "हो हो," म्हणाल्या.

हे हसू मी रोज बघते. ऐकू न येणारी माणसं ते शिकून घेतात. सारखं "काय? काय?" विचारलं की घरचे वैतागतात, हसलं की कुणी वैतागत नाही. मी काकूंना हाताला धरून टेस्टला नेलं. सरांपेक्षा कितीतरी कमी ऐकू येत होतं त्यांना. समोरच्याचे ओठ वाचून बाई संसार ओढत होती, आणि शेजारी एक तत्त्वज्ञ राहत होता!

"मशीनची खरी गरज काकूंना आहे," मी बाहेर येऊन सांगितलं.

निखिल गडबडला. "मॅडम, आत्ता एकाच मशीनचा खर्च जमेल. आणि आईचं कधी काही म्हणणंच नसतं हो."

"तिला काय करायचंय मशीन?" सर म्हणाले. "सिरियल बघते, कोथिंबीर निवडते. पूर्वी भजनी मंडळात जायची, तेही आपणहून सोडलं. काही हवं असणं हेच संपलंय तिचं. हेवा वाटतो मला."

एवढाच हेवा वाटत होता तर कोथिंबीर निवडायला कुणी अडवलं होतं? पण हे मी मनात म्हटलं. तोंडाने म्हटलं, "ट्रायल तर बघू. त्याला पैसे लागत नाहीत."

ट्रायलचं मशीन काकूंच्या दोन्ही कानांवर चढवलं, आवाज जुळवला. मग आमची नेहमीची पद्धत. घरच्या माणसाने पेशंटकडे पाठ करून बसायचं आणि घरी बोलतो तसंच बोलायचं, म्हणजे ओठ वाचायची सोय राहत नाही.

"काय बोलू?" सरांनी पाठ करून विचारलं.

"काहीही. तुमचं चाललं होतं तेच बोला."

सरांना तेवढंच पुरलं. घसा साफ करून ते निखिलला सांगू लागले, "हे बघ, सुखासुखात फरक असतो. बुद्धीचं सुख मिळवावं लागतं. तुझ्या आईचं सुख वेगळं, कुंडीतल्या तुळशीसारखं. पाणी घातलं की झालं. अशा माणसाला ऐकू आलं काय नि नाही आलं काय. ती समाधानी आहे."

वर्षानुवर्षं ते तिच्यादेखत असंच बोलत आले असणार. बोलायला भीती कसली?

काकूंचं हसू गेलं. आधी त्यांनी कानाला हात लावला. मग नवऱ्याच्या पाठीकडे बघत राहिल्या.

"कोण समाधानी?"

सर गर्रकन वळले.

"भजन मी आपणहून सोडलं? टाळ चुकायचा माझा. पेटी ऐकू यायची नाही. बायका एकमेकींकडे बघून हसायच्या. घरी येऊन रडले तर तुम्ही म्हणालात, बरं झालं, कटकट गेली." आवाज चढला तशी काकूंची मालवणी बाहेर आली. "समाधानी खंयची? माका ऐकाक येना नाय, म्हणान गप रवतंय!"

निखिल मान खाली घालून बसला. एवढ्या विद्वान माणसाला एक वाक्य सुचू नये, हे बघून मला आनंद झाला. तो बुद्धीचा होता की साधा, कोण जाणे.

मशीन काकूंना मिळालं. जाताना सरांनी विचारलं, "मग माझ्या अभ्यासमंडळाचं काय?"

"मागच्यांना पुढे बसवा नि तुम्ही थोडं कमी बोला," मी सांगितलं.

काही दिवसांनी निखिलचा फोन आला. आवाज दबलेला. "मॅडम, सेटिंग जरा कमी करता येईल का? आई हल्ली प्रत्येक गोष्टीला उत्तर देते. रविवारी चहाचा ट्रे टेबलावर ठेवून म्हणाली, ज्यांना हवा त्यांनी ओतून घ्या. बाबा दोन दिवस जेवले नाहीत नीट. आधी किती शांत होती हो!"

"मशीन बरोबर चाललंय," मी म्हटलं आणि फोन ठेवला.

तेव्हापासून कुणी आपल्या घरच्या माणसाला समाधानी म्हटलं, की मी त्याला बाहेर बसवते आणि आधी त्या समाधानी माणसाचे कान तपासते.