दादाने बसवलेला जोड

मंगळवारी चितेगावच्या आमच्या कंपनीत गरम पाण्याच्या लाइनचा एक जोड गळायला लागला. तो माझ्या थोरल्या भावाने बसवलेला. दादा तिथेच फिटर होता, मी ऑपरेटर... त्याला जाऊन महिना झाला.

ज्यांचा पाइपांशी संबंध येत नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. दोन पाइपांच्या टोकांना जाड लोखंडी चकत्या असतात, त्या म्हणजे फ्लँज. मधे गॅस्केटची मऊ चकती ठेवून भोवतीने बोल्ट आवळतात. पाणी अडवतं ते गॅस्केट, बोल्टांनी ते सगळीकडून सारखं दाबून धरायचं. म्हणून एक बोल्ट झाला की त्याच्या समोरचा घ्यायचा, आणि तेही दोन-तीन फेऱ्यांत, थोडं थोडं. गरम पाण्याने गॅस्केट पुढे थोडं दबतं आणि एखादा थेंब येऊ शकतो; तेव्हाही लाइन बंद करून सगळेच बोल्ट असेच आवळायचे.

शेडमध्ये कुणीतरी म्हणालं, "शेवटी तब्येत बरी नव्हती ना त्यांची, हात कमी पडला असेल." ते मला लागलं.

लाइन बंद केली, प्रेशर उतरवलं. निवल्यावर दादाचे जोडीदार शेखभाई जोड खोलायला बसले आणि पाना लावण्याआधीच थांबले.

"छोटे, इधर देख. तुझा भाऊ आवळून झालं की नटावरून फ्लँजवर पिवळी रेघ ओढायचा. सहा नटांची रेघ सरळ हाय. ह्या दोघांची तुटली."

म्हणजे शेजारचे दोन नट नंतर कुणीतरी आवळले होते. खोलल्यावर गॅस्केट त्याच बाजूला चिरडलेलं निघालं, समोरच्या बाजूचा दाब त्यामुळे सैल पडला होता.

"कोण शहाणा हाय हा? गळतंय तिथंच पिळत बसला!"

मला आठवलं... दादा आयसीयूत होता, माझी ड्यूटी संपत आली होती आणि तिथे थेंब दिसला. हॉस्पिटलला जायची घाई. थेंबाच्या बाजूचे दोन नट मीच पिळले, थेंब थांबला, निघालो. रजिस्टरमध्येही लिहिलं नाही.

"मीच," म्हणालो.

शेखभाईंनी पाना खाली ठेवला. "ऑपरेटरनं पाना धरला की असंच व्हतं," एवढंच म्हणाले, आणि नवं गॅस्केट आणायला उठले.

चहाच्या वेळी शेडमध्ये सगळ्यांना सांगितलं. दादाचा हात कमी पडला नव्हता, चूक माझी आहे. सुपरवायझरने लेखी मागितलं, तेही दिलं.

महिनाभर घरी येणारे लोक दादाबद्दल चांगलं बोलत होते आणि मी नुसता मान हलवत होतो. त्याच्याबद्दल चार माणसांत मी बोललो, ते मंगळवारी पहिल्यांदा.