घुबडाच्या घराला उंबरा

बाळांनो, काल फोनवर मागची फिसफिस ऐकून तुम्ही विचारलंत, "आजी, कुकर गळतोय का?" म्हणून लगेच लिहिते. ती गव्हाणी घुबडाची पिल्लं.

घुबडांची ढोली असलेला आंबा मागे पडला, तेव्हा मी पट्टीने आखून त्यांच्यासाठी लाकडी पेटीचा नकाशा काढला. दार अगदी तळाशी, म्हणजे झाडायला सोपं. महादू सुतार हसले.

"आजी, पिल्लं रांगत खाली पडतील! वीतभर उंबरा ठेवू."

"घुबडाला उंबरा?"

"मग! रांगोळीही काढा."

मी केराचा विचार केला होता, त्यांनी पिल्लांचा. उंबरा बाहेरचं बाहेर ठेवायला असतो, असं मी जन्मभर समजत होते. तो आतल्यांना सावरायलाही असतो.

महादूंनी उंबरा ठेवूनच पेटी उंचावर बसवली, आणि घुबडांनी तिथे संसार थाटला. आज दुपारी वादळात ती गदागदा हलली. नंतर महादूंनी शिडीवरून डोकावून पाहिलं. तिन्ही पिल्लं आत आहेत.